ड्रायव्हर किती वर्षं मिळणार, हे खरेदीच्या कागदावर लिहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमच्या भागातल्या सोसायट्या, शाळा, ग्रामपंचायती, दूध संकलन केंद्रं यांनी संगणक बदलायला सुरुवात केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेलचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुने संगणक बाद होतात, हे आता बऱ्याच जणांना कळलं आहे. त्या संगणकामागोमाग प्रिंटर, स्कॅनर, वजनकाटा, बोटांचे ठसे घेणारं यंत्र हेही भंगारात चाललं आहे, त्याकडे मात्र कोणाचं लक्ष नाही. मी फलटणमध्ये संगणक दुरुस्तीचं दुकान चालवते. 'खराब झालंय, विकून टाका' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या या वस्तूंपैकी पुष्कळ वस्तू धडधाकट असतात. मोटर फिरते, दिवा लागतो, काच स्वच्छ असते. नव्या संगणकासाठी त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि संगणक यांचं बोलणं जुळवणारा छोटा प्रोग्रॅम, मिळत नाही, एवढंच झालेलं असतं. त्यापायी सभासदांचा आणि करदात्यांचा पैसा एकाच वस्तूवर दुसऱ्यांदा खर्च होतो. तो वाचवता येतो, म्हणून हे पत्र.

मागच्या पावसाळ्यात तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राच्या सचिवांचा सकाळी सहाच्या सुमाराला फोन आला. "ताई, काटा मेला बघा. काल रात्री नवा कॉम्प्युटर बसवला अन् सकाळपासनं वजनच येईना. कॉम्प्युटर देणारा म्हणतोय, काटाच बदला." मी गेले तेव्हा कॅन घेऊन आलेल्या उत्पादकांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. काट्याच्या डिस्प्लेवर वजन व्यवस्थित दिसत होतं. फॅट मशीनही आकडे दाखवत होतं. संगणकाच्या पडद्यावर वजनाचा रकाना तेवढा रिकामा. टेबलावर बसलेला मुलगा काट्याकडे मान वळवून वजन वाचत होता आणि हातानं टाइप करत होता, आणि एक आजोबा त्याला विचारत होते, १२.४ चं १२ कसं काय झालं.

शहरातल्या वाचकांना हा वाद किरकोळ वाटेल. दूध केंद्राचा सगळा विश्वास या एका गोष्टीवर उभा असतो की काट्यावरचा आकडा कोणाचाही हात न लागता स्लिपवर उतरतो. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, आणि पॉइंट इकडे-तिकडे झाला की पैसे कमी-जास्त होतात. आकडा हातानं भरायची वेळ आली की भरणारा पोरगा कितीही सरळ असो, संशय त्याच्यावर येतो. बारा तासांत दुसरी पाळी असते, तेव्हा हा संशय निवायलाही वेळ मिळत नाही.

काट्यातून येणारी वायर नऊ पिनांच्या जुन्या सिरियल पद्धतीची. नव्या संगणकांना तो पोर्ट सहसा नसतोच, म्हणून मध्ये एक यूएसबीची केबल लावतात. तिच्या टोकाला जो फुगीर भाग असतो त्यात एक छोटी चिप असते, ती काट्याची भाषा यूएसबीच्या भाषेत फिरवते. मी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या वस्तूंची विंडोजमधली यादी, उघडला. 'पोर्ट्स'च्या खाली पिवळा त्रिकोण, आणि उपकरणाच्या नावाच्या जागी इंग्रजीत सूचना : ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. चिप बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या नव्या ड्रायव्हरमधून जुन्या चिपांचा आधार काढून टाकला होता. तीच केबल आदल्या संध्याकाळपर्यंत जुन्या संगणकावर बिनबोभाट चालत होती. सचिव कोणत्या विक्रेत्याशी संपर्क साधणार? केबल घेतली त्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

संगणकातल्या यादीतून जुना ड्रायव्हर हातानं निवडला, तसं वजन आलं. पण विंडोज अपडेट येऊन पुन्हा नवा ड्रायव्हर बसवणार, हे माहीत होतं. म्हणून दुसऱ्या चिपची केबल आणून लावली. अशी केबल ३००-४०० रुपयांना मिळते. तिनं पोर्टला क्रमांक घेतला कॉम ७, आणि डेअरीचं सॉफ्टवेअर कॉम ४ च्या पुढे बघतच नाही. पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन तो क्रमांक २ केला. रकान्यात वजन उमटलं. नव्या काट्याचं कोटेशन टेबलावर पेपरवेटखाली तयार होतं, सचिवांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

आता ड्रायव्हर म्हणजे काय, ते थोडं खोलात सांगते, कारण हे न कळल्यामुळेच खरेदी करताना आपण त्याबद्दल काही विचारत नाही.

सात-बाराचा उतारा पडद्यावर आहे आणि तुम्ही 'प्रिंट' दाबलंत. त्या प्रोग्रॅमला तुमच्या प्रिंटरबद्दल काहीही ठाऊक नसतं. विंडोजलाही फारसं ठाऊक नसतं. एका इंचात किती ठिपके मारायचे, कागद कोणत्या ट्रेमधून ओढायचा, टोनर किती लावायचा, कागद अडकला तर ते संगणकाला कसं कळवायचं, हे सगळं त्या प्रिंटरच्या कंपनीनं लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये असतं. तो ड्रायव्हर. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत जा, एचपीचा लेझरजेट १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९०० दिसेलच. दोन्ही दणकट. या दोन्हींमध्ये पानाचं चित्र तयार करायचं काम प्रिंटर करतच नाही, ते संगणकात बसलेला ड्रायव्हर करतो आणि प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. म्हणूनच ते स्वस्त पडले. लेझरजेट १०२० ला तर स्वतः काम कसं करायचं तेही कायमचं आठवत नाही. दर वेळी स्विच चालू केला की ड्रायव्हर त्याला ते संगणकातून पुन्हा पाठवतो. वीज जाऊन आली आणि संगणक बंदच राहिला, तर तो प्रिंटर नुसता दिवा लावून बसतो. म्हणजे तुम्ही विकत घेतलेल्या वस्तूचा निम्मा भाग खोक्यात असतो आणि निम्मा ड्रायव्हरमध्ये. खोक्याची वॉरंटी आपण नीट जपून ठेवतो. दुसऱ्या भागाबद्दल बिलावर एक अक्षर नसतं.

पूर्वी याहून हाल होते. डॉसच्या काळात प्रत्येक प्रोग्रॅमला आपापले प्रिंटर ड्रायव्हर लागत. वर्डस्टारला वेगळं सांगा की अमुक प्रिंटर आहे, लोटसला वेगळं सांगा. साउंड कार्डाला २२० पत्ता, ५ क्रमांकाची आयआरक्यू, १ क्रमांकाचा डीएमए असे आकडे आम्ही वहीत लिहून ठेवायचो. मराठी अक्षर पडद्यावर आणायला तर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड संगणकात खोचावं लागे. विंडोजनं एक मोठं काम केलं : ड्रायव्हर एकदा बसवा, सगळ्या प्रोग्रॅमना तो चालेल. सोय झाली आणि त्याबरोबर ड्रायव्हरचं आयुष्य विंडोजच्या आवृत्तीला बांधलं गेलं. विंडोजची ३२ बिट आवृत्ती असेल तर ड्रायव्हर ३२ बिटचा लागतो आणि ६४ बिटची असेल तर ६४ बिटचाच. साधे प्रोग्रॅम जुने असले तरी ६४ बिट विंडोजवर बहुधा चालतात, ड्रायव्हर चालत नाही. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालीच नाही. त्यामुळे ज्या कंपनीनं ६४ बिटचा ड्रायव्हर कधी लिहिला नाही, तिचं यंत्र विंडोज ११ च्या दारातच थांबतं. आमच्याकडे छपाईच्या व्यवसायातले जुने लोक आहेत. त्यांच्या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरला मागून कुलपासारखी डोंगल लावावी लागते, आणि तिचा ड्रायव्हर पुढे आला नाही म्हणून ते आजही विंडोज एक्सपीचा संगणक चिंध्यांनी पुसून जपतात. लग्नपत्रिकांचं सगळं काम त्या एका संगणकावर. तो इंटरनेटला जोडू नका, एवढंच मी त्यांना बजावते.

संगणक ड्रायव्हर शोधतो कसा, हेही लोकांना माहीत असायला हवं. यूएसबीच्या प्रत्येक वस्तूत दोन ओळख क्रमांक असतात, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि एक त्या मालाचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वस्तूवर दोनदा क्लिक करून 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडी' बघितलं की ते दिसतात. पेटीवरचं नाव काहीही असो, हे आकडे खरे समजायचे. दुकानात येणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच शिकवते. पण या आकड्यांवर शेवटी हुकमत ड्रायव्हरची चालते. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय या ब्रिटिश कंपनीचा एक ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून जगभर गेला. कंपनीच्या चिपांच्या नकला बाजारात फार झाल्या होत्या. त्या ड्रायव्हरनं नकली चिप ओळखून तिचा माल-क्रमांक शून्य करून टाकला. त्यानंतर ती चिप कोणताही संगणक ओळखेना. नकली माल विकणं गैरच आहे. पण ती चिप ज्याच्या यंत्रात बसली होती त्याला बिचाऱ्याला ती नकली आहे हे कळायची सोयच नव्हती, आणि शिक्षा त्याला झाली. मोठा गदारोळ झाला आणि तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. आपल्या टेबलावरची वस्तू दूरवरून आलेल्या एका अपडेटनं निकामी होऊ शकते, हे तेव्हा उघड झालं.

ड्रायव्हरकडे एवढा अधिकार का असतो? कारण त्याला थेट यंत्राशी काम करायचं असतं, म्हणून पुष्कळसे ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसून चालतात. साधा प्रोग्रॅम बिघडला तर एका घरातला नळ गळावा तसं होतं, तेवढा बंद करता येतो. कर्नलमधला ड्रायव्हर बिघडला तर गावच्या टाकीचाच व्हॉल्व्ह गेला, सगळं गाव कोरडं. १९ जुलै २०२४ ला जगानं हे पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर म्हणून चालतं. त्याला पाठवलेल्या एका छोट्या माहितीच्या फाइलमध्ये २१ रकाने होते आणि वाचणाऱ्या भागाला २० च मिळत होते. एकविसावा वाचायला गेल्यावर तो भलत्याच जागी गेला आणि संगणक निळा पडदा दाखवून बसले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख संगणक. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, त्यांचे फोटो घरोघरी पोहोचले. दुरुस्ती साधी होती, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढायची. पण पुष्कळ ठिकाणी ती एकेका संगणकापाशी माणसानं जाऊन करावी लागली, कारण जो संगणक सुरूच होत नाही त्याला लांबून काय सांगणार?

याच कारणानं मला आमच्या ई-सेवा केंद्रांची आणि बँक मित्रांची फार काळजी वाटते. ठसे घेणारं यंत्र नव्या संगणकाला लावलं की आधी त्याचा ड्रायव्हर आणि मग आरडी सर्व्हिस (आधारच्या पडताळणीसाठी ठसा सुरक्षितपणे घेणारा प्रोग्रॅम) बसवावी लागते. गडबडीत मुलं इंटरनेटवर 'ड्रायव्हर डाउनलोड' असं शोधतात, पहिली जी जाहिरात दिसेल तिच्यावर क्लिक करतात, आणि 'तुमचे २७ ड्रायव्हर जुने झाले आहेत' असं सांगणारं भलतंच सॉफ्टवेअर उतरवून घेतात. कोणी व्हिडिओखालच्या लिंकवरून घेतं. ज्या संगणकावर म्हाताऱ्या माणसांचा अंगठा लावून पेन्शनचे पैसे निघतात, त्याच्या गाभ्यात असं अनोळखी काही बसवणं अतिशय धोक्याचं आहे. गाभ्यात चालणाऱ्या नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असल्याशिवाय विंडोज तो सहसा घेत नाही, ही चांगली सोय २०१६ पासून आहे. पण सहीसुद्धा चोरता येते. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट व्हायरसच्या ड्रायव्हरांवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या होत्या. म्हणून ड्रायव्हर घ्यायचा तो यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा विंडोज अपडेटमधून, तिसरीकडून नाही. 'सही नसलेले ड्रायव्हर चालू द्या' असं सांगणारा कोणी भेटला तर त्याचं ऐकू नका.

इथे एक भेद करायला हवा. सगळीच जुनी यंत्रं जपावीत असं मी म्हणत नाही. आधारसाठीची एल-शून्य प्रकारची ठसा यंत्रं बाद करून एल-१ घ्यायला लावली, तेव्हा केंद्रचालक खूप चिडले, पैसे गेले म्हणून. त्यात मी आधार प्राधिकरणाच्या बाजूची आहे. जुन्या प्रकारात ठशाला कुलूप घालण्याचं काम संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायचं. नव्या प्रकारात ते यंत्राच्या आतल्या सुरक्षित भागातच होतं, त्यामुळे संगणकात कोणी घुसलेलं असलं तरी त्याला उघडा ठसा मिळणं अवघड जातं. हा बदल माणसांच्या भल्याचा होता. वजनकाट्याची केबल बाद करण्यात कोणाचं काय भलं होतं, ते मला कोणी सांगावं.

आणि असं बाद होणं अटळही नाही. माउस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह यांचा ड्रायव्हर तुम्ही कधी शोधला आहे का? ते लावले की चालतात, मग कंपनी कोणतीही असो. कारण या वस्तूंनी संगणकाशी कसं बोलायचं याचे नियम सगळ्यांनी मिळून ठरवले आणि जाहीर केले. त्यामुळे एकच सामायिक ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. बहुतेक वेबकॅमचंही तेच. प्रिंटरही त्या वाटेला लागले आहेत. मोबाइलवरून थेट छापता येणारे आजचे बरेच प्रिंटर आयपीपी नावाच्या खुल्या पद्धतीनं चालतात, आणि कंपन्यांच्या वेगळ्या ड्रायव्हरांचा पुरवठा हळूहळू आवरता घेऊन या पद्धतीवर जायचं मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. शाळेसाठी प्रिंटर घेताना हा एक शब्द विचारला तरी पुढची कित्येक वर्षं डोकेदुखी टळेल. दुकानदाराला उत्तर येत नसेल तर मोबाइलवरून, कोणतंही खास ॲप न घालता, समोर एक पान छापून दाखवायला सांगावं.

दुसरी वाट लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमची. तिथे बहुसंख्य ड्रायव्हर कर्नलच्या सोबतच येतात, त्यांचा मजकूर उघडा असतो, आणि कंपनीनं हात वर केले तरी दुसरा कोणी ते सांभाळू शकतो. एका जिल्हा परिषद शाळेतला सपाट काचेचा स्कॅनर नव्या विंडोजनं नाकारला होता. मुख्याध्यापक बाई तो निर्लेखनाच्या यादीत घालायला निघाल्या होत्या. त्याच शाळेतल्या एका जुन्या, विंडोज ११ ला न चालणाऱ्या संगणकावर मी लिनक्स बसवून दिलं. स्कॅनर जोडला आणि सीडी नाही, डाउनलोड नाही, थेट काचेखालचा दिवा सरकायला लागला. चौथीच्या मुलांनी काढलेली चित्रं आम्ही त्यावर स्कॅन केली. निर्लेखनाच्या यादीतून दोन वस्तू एकदम कमी झाल्या. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्सवर चालतात आणि 'काइट' ही तिथली सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती तयार करते. सी-डॅकचं 'बॉस' लिनक्सही आपल्याच देशातलं. सगळं काम लिनक्सवर होणार नाही. आमची डिजिटल सहीची टोकनं, आरडी सर्व्हिस, डेअरीची सॉफ्टवेअरं यांना विंडोजच लागतं, आणि एलबीपी २९०० ला लिनक्सवर चालवताना घाम फुटतो. पण शाळेतल्या संगणक कक्षाला या गोष्टींची गरज नाही.

लिनक्ससारख्या, मूळ मजकूर सगळ्यांना खुला असणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचं एक मूळ प्रिंटरच्याच गोष्टीत आहे, हे मुलांना सांगायला मला आवडतं. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या आसपास झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. तो वेगळ्या मजल्यावर, कागद सारखा अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथल्या मंडळींनी स्वतः सुधारणा केली होती, कागद अडकला की संबंधितांच्या पडद्यावर निरोप यायचा. नव्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर मात्र बंद पेटीत आलं. ज्याच्याकडे त्याचा मूळ मजकूर होता त्यानं तो द्यायला नकार दिला. मागणारे होते रिचर्ड स्टॉलमन. त्यांनी पुढे १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग घेतले आहेत. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. ड्रायव्हर हाही सुटा भागच मानला पाहिजे, अशी माझी मागणी आहे. युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून मोबाइल आणि टॅबलेटच्या बाबतीत नियम केला आहे की त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट द्यायचे. तिथे कंपन्यांनी हे मान्य केलं, मग काटे, स्कॅनर आणि प्रिंटर यांच्याबाबत आपण विचारायला काय हरकत आहे?

कायदा व्हायला वेळ लागेल. खरेदी तर रोज होते आहे, आणि त्यातली मोठी खरेदी जिल्हा परिषदा, नगरपालिका, सहकारी संस्था आणि दूध संघ करतात. जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर निविदा काढताना रॅम किती, हार्ड डिस्क किती, वॉरंटी किती वर्षं, हे सगळं लिहिलं जातं. त्यात आणखी काही ओळी घालाव्यात. विक्रीनंतर किमान सात वर्षं विंडोजच्या चालू आवृत्तीसाठी ६४ बिटचा, सही केलेला ड्रायव्हर मिळेल. तो कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिनशिवाय, फुकट मिळेल. ड्रायव्हर देणं बंद करायचं तर वर्षभर आधी लेखी कळवलं जाईल, आणि यंत्र संगणकाशी कसं बोलतं याची तांत्रिक माहिती खरेदीदाराला दिली जाईल, म्हणजे दुसरा कोणी तो लिहू शकेल. जिथे सामायिक, खुली पद्धत उपलब्ध आहे तिथे तिला प्राधान्य असेल. एका शाळेनं हे मागितलं तर कंपनी हसेल. पूर्ण जिल्ह्यानं मागितलं तर मोठं गिऱ्हाईक जायला नको म्हणून मान्य करेल, असं मला माझ्या धंद्यातल्या अनुभवावरून वाटतं.

बिल मंजूर करण्यापूर्वी एक तपासणीही व्हावी. पुरवठादारानं स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून दाखवलं की आपण सही करून मोकळे होतो. त्याऐवजी ते यंत्र आपल्याच कार्यालयातल्या दुसऱ्या, स्वच्छ विंडोज ११ असलेल्या संगणकाला लावायचं, पुरवठादारानं दिलेल्या पेन ड्राइव्हला हात न लावता कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यायला लावायचा आणि एक पान छापून किंवा एक वजन घेऊन बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. शाळेतले संगणक शिक्षक, ग्रामपंचायतीतले ऑपरेटर हे सहज करू शकतात, फक्त त्यांच्या शेऱ्याशिवाय बिल पुढे जाणार नाही असं ठरलं पाहिजे.

ज्यांचे संगणक आता बदलायचे आहेत त्यांच्यासाठी एक तातडीची गोष्ट. जुना संगणक अजून सुरू होत असेल तर तो भंगारात देण्याआधी त्यातले ड्रायव्हर काढून ठेवता येतात. विंडोजमध्येच त्यासाठी 'पीएनपीयुटिल' नावाची आज्ञा आहे, ती बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये उतरवून देते. जुनं विंडोज ६४ बिटचं असेल तर त्यातले पुष्कळसे विंडोज ११ वरही चालतात. कंपनीच्या संकेतस्थळावरून नाहीसे झालेले कितीतरी ड्रायव्हर मला असे मिळाले आहेत. यंत्रासोबत आलेल्या सीडीही फेकू नका, कपाटात ठेवा. फलटण परिसरातल्या शाळा, सोसायट्या आणि दूध केंद्रांनी संगणक हलवण्याआधी एक पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात यावं किंवा मला बोलवावं. ड्रायव्हर उतरवून देण्याचे मी पैसे घेणार नाही.

आपली,
संगणक दुरुस्ती व्यावसायिक, फलटण, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)